रोमन सार्वजनिक खेळ

प्राचीन रोममध्ये राज्याच्या किंवा एखाद्या धनिकाच्या खर्चाने रथशर्यती, नाट्यप्रयोग, ग्लॅडिएटरांच्या झुंजी आणि वन्य पशूंच्या शिकारी जनतेसाठी भरवल्या जात. या सर्व सोहळ्यांना मिळून रोमन सार्वजनिक खेळ असे म्हटले जाते. त्यांची परंपरा इ.स.च्या ६ व्या शतकापर्यंत, म्हणजे सुमारे हजार वर्षे टिकून होती. देवतांना बोललेला नवस फेडणे आणि मृतांचा मान राखणे हा या खेळांचा मूळ हेतू होता. प्रजासत्ताकाच्या उत्तरार्धात ते मते मिळवण्याचे साधन झाले. साम्राज्यकाळात नागरिकांच्या सभा व निवडणुका नावापुरत्या उरल्यावर राज्यकर्ता आणि प्रजा समोरासमोर येण्याची जवळजवळ एकमेव जागा म्हणून त्यांना महत्त्व आले.

रोमन खेळ म्हटले की आजच्या वाचकासमोर प्रथम ग्लॅडिएटर उभा राहतो. प्रत्यक्षात झुंजी ही दुर्मिळ आणि खर्चिक बाब होती. इ.स. ३५४ च्या एका रोमन पंचांगात वर्षातील १७७ दिवस खेळांसाठी राखून ठेवलेले दिसतात. त्यांपैकी १०१ दिवस नाट्यप्रयोगांचे, ६६ दिवस रथशर्यतींचे आणि केवळ १० दिवस ग्लॅडिएटरांचे आहेत.

परिभाषा

लॅटिन भाषेत या सोहळ्यांसाठी दोन वेगळे शब्द होते आणि त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. ‘लूडी’ म्हणजे देवतांच्या उत्सवानिमित्त राज्यातर्फे होणारे खेळ. त्यांत नाटके आणि शर्यती येत. ‘मूनुस’ (अनेकवचन ‘मूनेरा’) या शब्दाचा अर्थ कर्तव्य किंवा देणगी असा असून तो ग्लॅडिएटरांच्या झुंजींसाठी वापरला जाई. मृत आप्ताप्रती असलेले कर्तव्य आणि लोकांना दिलेली देणगी असे दोन्ही अर्थ त्यात सामावलेले होते. पशूंच्या शिकारीला ‘वेनातिओ’ म्हणत.

मराठीत ‘सर्कस’ म्हटले की तंबू, कसरतपटू आणि शिकवलेली जनावरे आठवतात. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये सुरू केलेल्या सर्कशीपासून हा अर्थ आपल्याकडे रूढ झाला. रोमन ‘सर्कस’ म्हणजे रथशर्यतींचे लांबट मैदान होय. शब्द एकच असला तरी या दोन गोष्टींचा परस्परांशी फारसा संबंध नाही.

धार्मिक उत्सव

रोमन परंपरेनुसार सर्वांत जुने खेळ म्हणजे ज्युपिटर देवाच्या सन्मानार्थ सप्टेंबरमध्ये होणारे ‘लूडी रोमानी’. पुढे नोव्हेंबरमधील ‘लूडी प्लेबेई’, जुलैमधील अपोलोचे खेळ, तसेच एप्रिलमधील सिबिली देवीचे, सेरेस देवीचे व फ्लोरा देवीचे खेळ यांची भर पडली. यांतील काहींची सुरुवात संकटकाळात झाली. अपोलोचे खेळ इ.स.पू. २१२ मध्ये, हॅनिबलशी युद्ध सुरू असताना प्रथम भरवले गेले आणि चार वर्षांनी ते वार्षिक झाले.

खेळांच्या प्रारंभी कॅपिटोल टेकडीवरून फोरममार्गे सर्कस मॅक्सिमसपर्यंत मिरवणूक निघे. तीत तरुण घोडेस्वार, सारथी, नर्तक, वादक आणि धूप जाळणारे सेवक असत. देवांच्या मूर्ती खांद्यावरून, तर त्यांची चिन्हे खास रथांतून नेली जात. या विधीत किंचितही चूक झाली, नर्तक मध्येच थांबला किंवा बासरीवादकाचा सूर तुटला, तरी खेळ अशुद्ध मानून पुन्हा करावे लागत. पुनरावृत्तीत ज्यांचा फायदा होता ते मुद्दाम चुका घडवून आणत, असे कॅसियस डिओ या इतिहासकाराने नोंदवले आहे. अखेर क्लॉडियस सम्राटाने शर्यतींची पुनरावृत्ती एका दिवसापुरती मर्यादित केली आणि त्यानंतर चुकांचे प्रमाणही घटले.

नाट्यप्रयोग

लिव्ही या इतिहासकाराच्या मते रोममध्ये रंगमंचीय खेळ इ.स.पू. ३६४ मध्ये आले. त्या वर्षी साथीचा रोग पसरला होता आणि देवतांना प्रसन्न करण्यासाठी इट्रुरियातून नर्तक बोलावले गेले. पुढे प्लॉटस व टेरेन्स यांच्या सुखात्मिका याच उत्सवांतून सादर झाल्या. नाटककाराला येथे फार मोठ्या स्पर्धेला तोंड द्यावे लागे. टेरेन्सच्या ‘हेसिरा’ (सासू) या नाटकाचा पहिला प्रयोग इ.स.पू. १६५ मध्ये मोडला, कारण प्रेक्षकांना मुष्टियोद्धे आणि दोरीवरून चालणारा कसरतपटू पाहायचा होता. दुसऱ्या प्रयोगात ग्लॅडिएटर येणार असल्याची वार्ता पसरली आणि त्या गर्दीत नाटक पुन्हा बंद पडले. इ.स.पू. १६० मध्ये झालेला तिसरा प्रयत्न तेवढा पार पडला.

रोममध्ये कायमस्वरूपी दगडी नाट्यगृह दीर्घकाळ नव्हते. लोकांनी आरामात बसून करमणूक पाहावी हे सिनेटला पसंत नव्हते आणि इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या मध्यास बांधकाम सुरू असलेले एक नाट्यगृह पाडूनही टाकण्यात आले. इ.स.पू. ५५ मध्ये पॉम्पीने पहिले दगडी नाट्यगृह उभारले तेव्हा त्याने प्रेक्षागृहाच्या माथ्यावर व्हीनस देवीचे मंदिर बांधले होते. साम्राज्यकाळात शब्दप्रधान नाटके मागे पडली व मूकनाट्य अधिक लोकप्रिय झाले.

झुंजींचा प्रारंभ आणि निवडणुकीचे राजकारण

रोममधील पहिली ज्ञात ग्लॅडिएटर झुंज इ.स.पू. २६४ मध्ये ‘फोरम बोआरियम’ या गुरांच्या बाजारात झाली. ज्युनियस ब्रूटस पेरा याच्या अंत्यविधीनिमित्त त्याच्या मुलांनी तीन जोड्या लढवल्या. इ.स.पू. २१६ मध्ये मार्कस एमिलियस लेपिडस याच्या अंत्यविधीत २२ जोड्या होत्या, इ.स.पू. १८३ मध्ये पब्लियस लिसिनियस क्रॅसस याच्या वेळी १२० योद्धे होते. अंत्यविधी हे निमित्त उरले व संख्येला महत्त्व आले.

ज्युलियस सीझर इ.स.पू. ६५ मध्ये ईडाइल या पदावर होता. या पदाधिकाऱ्यांकडे बाजार, रस्ते, मंदिरे आणि उत्सव यांची देखरेख असे. राज्याकडून मिळणारी रक्कम अपुरी असल्याने उरलेला खर्च ते पदरमोड करून किंवा कर्ज काढून भागवत. सीझरने वीस वर्षांपूर्वी वारलेल्या वडिलांच्या स्मरणार्थ ३२० जोड्या लढवल्या. त्याने याहून मोठा ताफा जमवला होता, परंतु एवढे शस्त्रधारी एका माणसाच्या हाताशी असणे विरोधकांना धोक्याचे वाटले आणि संख्येवर मर्यादा घालणारा ठराव झाला. ही भीती अनाठायी नव्हती. इ.स.पू. ७३ मध्ये कापुआ येथील एका प्रशिक्षणशाळेतून स्पार्टाकस आणि सुमारे ७० साथीदार स्वयंपाकघरातील सुऱ्या घेऊन पळाले होते. त्यांच्या बंडाने दोन वर्षे इटली हादरवली होती. इ.स.पू. ७१ मध्ये पराभवानंतर पकडलेल्या ६,००० गुलामांना कापुआ ते रोम या रस्त्यावर क्रूसावर चढवण्यात आले.

इ.स.पू. ६३ मध्ये सिसेरोने केलेल्या कायद्यान्वये उमेदवारी करणाऱ्याला निवडणुकीपूर्वीच्या दोन वर्षांत झुंजी भरवण्यास मनाई झाली. याच सिसेरोला पुढे सिलिसिया प्रांताचा राज्यपाल असताना केलियस या तरुण मित्राची वारंवार पत्रे येत. त्याला रोममधील आपल्या खेळांसाठी चित्ते हवे होते. प्रांतात चित्ते फार थोडे उरले आहेत आणि जे आहेत ते, आपल्याखेरीज कोणावरच सापळे लावले जात नाहीत अशी तक्रार करून शेजारच्या प्रांतात निघाले आहेत, अशा आशयाचे मिश्कील उत्तर सिसेरोने पाठवले.

सर्कस मॅक्सिमस आणि रथशर्यती

पॅलाटाइन आणि अव्हेन्टाइन या टेकड्यांमधील दरीत असलेले सर्कस मॅक्सिमस सुमारे ६०० मीटर लांब होते. आधुनिक अभ्यासक त्याची क्षमता सुमारे दीड लाख मानतात, प्लिनी (ज्येष्ठ) मात्र अडीच लाख सांगतो. मैदानाच्या मध्ये लांबट दुभाजक असून त्यावर सम्राट ऑगस्टसने इजिप्तहून आणलेला ओबेलिस्क हा पाषाणस्तंभ उभा होता. शर्यत सात फेऱ्यांची असे. पूर्ण झालेल्या फेऱ्या लाकडी अंडी आणि डॉल्फिनच्या आकृत्या हलवून दाखवल्या जात. अध्यक्षाने पांढरे वस्त्र खाली टाकताच बारा द्वारे एकदम उघडत व रथ सुटत. एका दिवसात २४ पर्यंत शर्यती होत.

बहुतेक शर्यती चार घोड्यांच्या रथांच्या असत. रोमन सारथी लगाम कमरेला गुंडाळून घेत, त्यामुळे रथ उलटल्यास फरफटत जाण्याचा धोका असे. अशा वेळी लगाम कापण्यासाठी ते सुरी बाळगत. वळणावर रथ आदळून चक्काचूर झाला की त्यासाठी जहाज फुटणे या अर्थाचा शब्द वापरला जाई.

सारथी पांढरा, तांबडा, निळा आणि हिरवा अशा चार संघांत विभागलेले असत. सम्राट डोमिशियनने सोनेरी व जांभळा असे आणखी दोन संघ काढले, पण ते टिकले नाहीत. प्रेक्षकांची निष्ठा संघाच्या रंगावर असे. प्लिनी (कनिष्ठ) याने एका पत्रात याचे आश्चर्य व्यक्त केले आहे. लोकांना घोड्यांचा वेग किंवा सारथ्याचे कौशल्य आवडले असते तर त्याला ते समजले असते, पण शर्यतीच्या मध्यावर रंगांची अदलाबदल केली तर हे लोक आपल्या आवडत्या सारथ्यालाही तत्क्षणी सोडून देतील, असे त्याचे म्हणणे होते. या निष्ठेची काळी बाजू कार्थेज व उत्तर आफ्रिकेतील इतर ठिकाणी सापडलेल्या शिशाच्या पत्र्यांवर दिसते. प्रतिस्पर्धी घोड्यांचे पाय बांधले जावेत, सारथी पडून मरावा, अशी मागणी नावानिशी कोरून हे पत्रे थडग्यांत पुरले जात.

सारथी बहुधा गुलाम किंवा मुक्त झालेले गुलाम असत, तरी यशस्वी सारथ्याला अफाट पैसा मिळे. लुसिटानिया (सध्याच्या पोर्तुगालचा बहुतांश भाग) येथील गायस अप्पुलियस डायोक्लेस याच्या कारकिर्दीचा शिलालेख उपलब्ध आहे. दुसऱ्या शतकातील या सारथ्याने २४ वर्षांत ४,२५७ शर्यतींत भाग घेऊन १,४६२ जिंकल्या आणि ३,५८,६३,१२० सेस्टर्सची बक्षिसे मिळवून वयाच्या ४२ व्या वर्षी निवृत्ती घेतली. असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला आले. २,०४८ विजय मिळवणारा स्कॉर्पस तिशीही न गाठता वारला.

ग्लॅडिएटर

ग्लॅडिएटर हे प्रामुख्याने युद्धकैदी, गुलाम आणि शिक्षा झालेले गुन्हेगार असत. काही स्वतंत्र नागरिकही ठरावीक मुदतीसाठी करार करून या पेशात येत. त्यांना जाळले जाणे, बांधले जाणे, फटके खाणे व तलवारीने मारले जाणे मान्य असल्याची शपथ घ्यावी लागे. ‘लानिस्ता’ हा त्यांचा मालक व प्रशिक्षक असे. ‘लूडुस’ या शाळेत त्यांना लाकडी शस्त्रांनी शिकवले जाई. आहारात बार्ली आणि कडधान्ये भरपूर असल्याने लोक त्यांना थट्टेने ‘बार्ली खाणारे’ म्हणत. १९९३ मध्ये तुर्कस्तानातील एफिसस येथे ग्लॅडिएटरांची दफनभूमी सापडली. तेथील अस्थींच्या रासायनिक तपासणीतून त्यांचा आहार प्रामुख्याने वनस्पतिजन्य असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

झुंज लावताना भिन्न शस्त्रांचे योद्धे समोरासमोर आणले जात. मोठी ढाल आणि आखूड तलवार असलेल्या ‘मुर्मिल्लो’समोर लहान ढाल व वक्र तलवार घेतलेला ‘थ्रेक्स’ येई. जाळे व त्रिशूळ घेतलेला ‘रेटिआरियस’ चेहरा उघडा ठेवून लढे आणि त्याच्यासमोर गुळगुळीत शिरस्त्राणाचा ‘सेक्युटॉर’ असे. पंच उपस्थित असत व नियम पाळले जात.

प्रत्येक झुंजीचा शेवट मृत्यूनेच होई हा समज चुकीचा आहे. प्रशिक्षित योद्धा ही मोठी गुंतवणूक होती. पराभूत योद्धा बोट वर करून दयेची याचना करी आणि अध्यक्ष प्रेक्षकांचा कल पाहून निर्णय देई. फ्लामा नावाच्या सेक्युटॉरच्या सिसिलीतील समाधिलेखानुसार तो ३४ वेळा लढला, २१ वेळा जिंकला, ९ वेळा झुंज बरोबरीत सुटली आणि ४ वेळा पराभूत होऊनही त्याला जीवदान मिळाले. मृत्यूसमयी तो ३० वर्षांचा होता. कलोसियमच्या उद्घाटनप्रसंगी प्रिस्कस आणि व्हेरस या दोघांची झुंज बरोबरीत सुटली आणि सम्राट टायटसने दोघांनाही मुक्तीची खूण असलेली लाकडी तलवार दिली. कवी मार्शलने या झुंजीवर कविता लिहिली आहे.

या जीवदानामागे दयेइतकाच हिशेब होता. गायस या दुसऱ्या शतकातील कायदेपंडिताने करारांचे प्रकार समजावताना पुढील उदाहरण घेतले आहे. एका व्यक्तीने दुसऱ्याला ग्लॅडिएटर पुरवले. जो धडधाकट परत येईल त्याच्यामागे घामाचा मोबदला म्हणून २० दिनार द्यायचे, आणि जो मरेल किंवा अपंग होईल त्याच्यामागे १,००० दिनार. गायसपुढील प्रश्न एवढाच आहे की हा व्यवहार भाड्याचा मानावा की विक्रीचा. त्याचे उत्तर असे की परतलेल्याचे भाडे झाले आणि मेलेल्याची विक्री. पाठ्यपुस्तकातील हे कोरडे उदाहरण ग्लॅडिएटराचे कायद्यातील स्थान कोणत्याही वर्णनापेक्षा स्पष्टपणे सांगते.

ग्लॅडिएटराची लोकप्रियता व बेअब्रू एकाच वेळी नांदत होत्या. पॉम्पेईच्या भिंतींवर केलाडस नावाच्या थ्रेक्सला मुलींच्या उसाशाचे कारण म्हटले आहे, पण कायद्याने ग्लॅडिएटर बदनाम वर्गात मोडत व त्यांना नगरपालिकेचे पद मिळत नसे. स्त्रियाही क्वचित लढत. हॅलिकार्नेसस येथील शिल्पपटावर ‘अ‍ॅमेझॉन’ आणि ‘अकिलिया’ या नावांनी लढलेल्या दोघी दिसतात व त्यांची झुंज जीवदानाने संपल्याचे कोरलेले आहे. सुमारे इ.स. २०० मध्ये सेप्टिमियस सेव्हेरसने स्त्रियांच्या झुंजींना बंदी केली.

दोन प्रचलित कल्पनांबाबत येथे खुलासा आवश्यक आहे. मरणोन्मुख योद्धे सम्राटाला वंदन करीत असत असे सांगितले जाते. असे वंदन प्राचीन ग्रंथांत एकाच प्रसंगी आढळते, इ.स. ५२ मध्ये क्लॉडियसने फुसिनस सरोवरावर भरवलेल्या कृत्रिम नौदल युद्धात, आणि ते करणारे ग्लॅडिएटर नसून मृत्युदंड झालेले कैदी होते. तसेच खाली वळवलेला अंगठा म्हणजे मृत्यू ही खूण जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२ मधील चित्रामुळे सर्वत्र पसरली. लॅटिन ग्रंथांत केवळ ‘वळवलेला अंगठा’ एवढाच उल्लेख आहे, दिशा सांगितलेली नाही.

पशू आणि मृत्युदंड

मोठ्या सोहळ्यात सकाळी पशूंच्या शिकारी, दुपारी मृत्युदंडाची अंमलबजावणी आणि त्यानंतर झुंजी असा क्रम असे. दूरच्या प्रांतातील प्राणी दाखवणे म्हणजे त्या प्रांतावरील सत्ता दाखवणे होते. ऑगस्टसने इ.स.पू. ११ मध्ये रोममध्ये प्रथमच वाघ दाखवला. त्याआधी इ.स.पू. २० च्या सुमारास सामोस बेटावर भारतीय दूतमंडळाने त्याला वाघ भेट दिले होते आणि रोमनांनी वाघ पहिल्यांदा पाहिला तो तेथेच, असे डिओ म्हणतो. ऑगस्टसने स्वतःच्या कार्याच्या शिलालेखात २६ शिकारींत सुमारे ३,५०० पशू मारल्याचे अभिमानाने नमूद केले आहे. कलोसियमच्या उद्घाटनाच्या १०० दिवसांत सुमारे ९,००० आणि ट्राजानच्या १२३ दिवसांच्या सोहळ्यात ११,००० पशू मारले गेल्याचे डिओ सांगतो. हे आकडे फुगवलेले धरले तरी या व्यापाराचा आवाका लक्षात येतो.

प्रेक्षकांची मने मात्र नेहमीच निबर नव्हती. इ.स.पू. ५५ मध्ये पॉम्पीच्या खेळांत हत्तींना मारताना त्यांचा आक्रोश ऐकून लोक उठून उभे राहिले, रडले आणि त्यांनी पॉम्पीला शिव्याशाप दिले. त्या दिवशी हजर असलेल्या सिसेरोने या प्राण्यांचे माणसाशी काही नाते आहे अशी भावना लोकांत निर्माण झाल्याचे मित्राला कळवले आहे. माणसांच्या बाबतीत अशी कळवळ्याची नोंद क्वचितच आढळते.

मृत्युदंडाचे प्रकार अनेकदा देखाव्याच्या रूपात सादर होत. भूगोलकार स्ट्रेबो याने स्वतः पाहिलेला एक प्रसंग दिला आहे. एटना पर्वताच्या परिसरात लूटमार करणाऱ्या सेल्युरसला फोरममध्ये कृत्रिम पर्वतावर उभे करण्यात आले, तो पर्वत कोसळला आणि सेल्युरस खालच्या श्वापदांच्या पिंजऱ्यांत पडला. ख्रिस्ती धर्मीयांनाही अशा शिक्षा झाल्या. इ.स. २०३ मध्ये कार्थेज येथे पर्पेचुआ आणि फेलिसिटी या दोघींना याच प्रकारे मारण्यात आले व पर्पेचुआने कारागृहात लिहिलेला वृत्तान्त आजही उपलब्ध आहे.

ज्यांना मैदानात उतरायचे होते त्यांची बाजू ग्रंथांत फारशी येत नाही. सेनेकाने एका पत्रात अशा एका जर्मन कैद्याची हकीकत दिली आहे. पशूंशी लढण्यासाठी ठेवलेल्या या माणसाला केवळ शौचकूपातच पहाऱ्याविना जाता येई. तेथे स्वच्छतेसाठी ठेवलेली स्पंज लावलेली काठी त्याने स्वतःच्या घशात कोंबून प्राण दिला. चौथ्या शतकाच्या अखेरीस सिम्माकस या सिनेटरने मुलाच्या खेळांसाठी सॅक्सन कैदी मागवले होते. त्यांपैकी २९ जणांनी खेळांपूर्वी एकमेकांचे गळे दाबून मृत्यू पत्करला. सुसंस्कृत आणि विद्वान म्हणून ख्याती असलेल्या सिम्माकसच्या पत्रात खेद आहे तो आपल्या कार्यक्रमाचा विरस झाल्याचा.

प्रेक्षक आणि सम्राट

खेळांच्या ठिकाणी समाजाची उतरंड डोळ्यांना दिसे. सर्वांत पुढे सिनेटर, मागे अश्वारूढ वर्ग, त्यानंतर टोगा नेसलेले नागरिक, अगदी वर गरीब आणि गुलाम. ऑगस्टसने सैनिकांना नागरिकांपासून वेगळे केले, लहान मुलांना त्यांच्या शिक्षकांशेजारी बसवले आणि झुंजींच्या वेळी स्त्रियांना वरच्या रांगांत पाठवले. केवळ व्हेस्टा देवीच्या कुमारिका पुजारिणींना पुढे मानाची जागा होती. सर्कसमध्ये मात्र स्त्री-पुरुष शेजारी बसत आणि कवी ओव्हिडने ही सोय प्रेमिकांच्या कामी कशी येते हे रंगवून सांगितले आहे.

लोकांचे मत सभांत, निवडणुकांत आणि खेळांत अशा तीन ठिकाणी प्रकट होते, असे सिसेरोने एका भाषणात म्हटले होते. इ.स.पू. ५९ मध्ये अपोलोच्या खेळांत डिफिलस या नटाने एका शोकांतिकेतील ओळ पॉम्पीला उद्देशून म्हटली आणि प्रेक्षकांनी ती त्याच्याकडून पुनःपुन्हा वदवून घेतली. पहिली दोन ठिकाणे सम्राटांच्या काळात निष्प्रभ झाल्यावर तिसऱ्याचे मोल वाढले. टायबेरियसने अग्रिपाच्या स्नानगृहासमोरील लिसिपसचे प्रसिद्ध शिल्प आपल्या शयनगृहात हलवले, तेव्हा लोकांनी नाट्यगृहात एवढा गदारोळ केला की सर्वसत्ताधीश सम्राटाला ते परत ठेवावे लागले. कॅलिग्युलाकडे सर्कसमध्ये कर कमी करण्याची मागणी झाली, त्याने ओरडणाऱ्यांना ठार मारले. इ.स. १९० मध्ये धान्यटंचाईच्या वेळी शर्यतींदरम्यान मुलांचा जमाव मैदानात शिरला, क्लिअँडर या सम्राटाच्या मर्जीतील अधिकाऱ्याविरुद्ध घोषणा सुरू झाल्या आणि घाबरलेल्या कमोडसने त्याचा वध करवला.

सम्राटाने खेळ कसे पाहावेत यावरही लोकांचे लक्ष असे. ज्युलियस सीझर खेळ सुरू असताना पत्रे वाचत बसे, याबद्दल लोक नाराज असत. ऑगस्टसने ही चूक टाळली आणि तो मनापासून खेळ पाही. याच्या उलट टोकाला कमोडस होता. तो स्वतः मैदानात उतरून लढे आणि पशू मारी. इ.स. १९२ मध्ये त्याने एका शहामृगाचे मुंडके तोडले आणि ते हातात धरून सिनेटरांकडे सूचक नजरेने पाहिले. तेथे बसलेल्या डिओला भीतीपेक्षा हसूच अधिक आले. हसणे म्हणजे मरण, म्हणून त्याने डोक्यावरील मुकुटातील लॉरेलची पाने तोंडात टाकून चावली आणि शेजाऱ्यांनाही तसेच करण्यास सुचवले.

प्रांतांतील शहरांमध्ये ही देवाणघेवाण स्थानिक धनिकाशी होई. ट्युनिशियातील स्मिरात येथे सापडलेल्या तिसऱ्या शतकातील मोझेइक चित्रात मॅगेरियस नावाच्या धनिकाने दिलेली बिबट्यांची शिकार चितारली आहे. शिकाऱ्यांसाठी प्रत्येक बिबट्यामागे ५०० दिनारांची मागणी होते, लोक मॅगेरियसच्या नावाचा जयघोष करतात आणि एक सेवक प्रत्येकी १,००० दिनारांच्या थैल्या घेऊन येतो. जयघोषाचे शब्दही चित्रात लिहिलेले आहेत. दुप्पट रक्कम देऊन मिळवलेली ही वाहवा मॅगेरियसने आपल्या घराच्या जमिनीवर कायमची कोरून ठेवली. सर्वांनाच हा भार पेलत नसे. इ.स. १७७ मध्ये मार्कस ऑरेलियस व कमोडस यांच्या काळात ग्लॅडिएटरांच्या किमतींवर मर्यादा घालणारा सिनेटचा ठराव झाला आणि त्याचा ताम्रपट स्पेनमधील इटालिका येथे सापडला आहे.

वास्तू, दुर्घटना आणि दंगली

पॉम्पेई येथे सुमारे इ.स.पू. ७० मध्ये बांधलेले अ‍ॅम्फिथिएटर हे आज टिकून असलेले सर्वांत जुने दगडी अ‍ॅम्फिथिएटर होय. रोममधील कलोसियम व्हेस्पाशियनने सुरू केले आणि इ.स. ८० मध्ये टायटसने त्याचे उद्घाटन केले. नीरोच्या राजवाड्यातील खासगी तळ्याच्या जागी ही लोकांसाठीची वास्तू उभारणे हा उघड राजकीय संदेश होता. तिची लांबी सुमारे १८८ मीटर, रुंदी १५६ मीटर आहे व क्षमता ५०,००० च्या आसपास मानली जाते. ८० प्रवेशद्वारांपैकी ७६ वर क्रमांक होते, त्यामुळे गर्दी लवकर आत येई व बाहेर पडे. ऊन टाळण्यासाठी वर कापडी छत ओढले जाई आणि त्यासाठी आरमारातील खलाशी नेमलेले असत.

सर्वच बांधकामे अशी भक्कम नव्हती. इ.स. २७ मध्ये रोमजवळील फिडेनी येथे अटिलियस नावाच्या मुक्त गुलामाने नफ्यासाठी उभारलेले लाकडी अ‍ॅम्फिथिएटर कोसळले. पाया कच्चा व जोडकाम ढिले होते. टॅसिटसच्या मते ५०,००० लोक मृत वा जखमी झाले. अटिलियसला हद्दपार करण्यात आले आणि ४ लाख सेस्टर्सपेक्षा कमी मालमत्ता असलेल्याने झुंजी भरवू नयेत, तसेच जमिनीची तपासणी झाल्याविना अ‍ॅम्फिथिएटर बांधू नये असा ठराव सिनेटने केला. इ.स. ५९ मध्ये पॉम्पेई व शेजारच्या नुसेरिया येथील प्रेक्षकांत शिवीगाळीवरून दंगल झाली, अनेक नुसेरियावासी मारले गेले व पॉम्पेईला दहा वर्षे अशा खेळांची बंदी झाली. या दंगलीचे तत्कालीन भित्तिचित्र नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

टीका आणि अखेर

रोमन लेखकांची टीका बहुधा प्रेक्षकांच्या अधोगतीवर आहे, बळींच्या यातनांवर कमी. ज्युव्हेनाल या उपहासकवीची तक्रार अशी की, एकेकाळी सत्ता बहाल करणारी जनता आता धान्य आणि सर्कस या दोनच गोष्टींची आस धरते. सेनेका दुपारच्या मृत्युदंडांना निव्वळ खून म्हणतो, पण आपण गर्दीतून अधिक क्रूर होऊन परततो हा त्याचा मुख्य मुद्दा आहे. ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याचा आक्षेप खेळांतील मूर्तिपूजेवर तसाच हत्येवरही होता.

कॉन्स्टन्टाइनने इ.स. ३२५ मध्ये झुंजींविरुद्ध आदेश काढला, परंतु पुढे त्यानेच एका इटालियन शहराला त्या भरवण्याची परवानगी दिली. टेलेमाकस नावाचा संन्यासी झुंज थांबवण्यासाठी मैदानात उतरला, संतप्त प्रेक्षकांनी त्याला दगडांनी मारले आणि त्यानंतर सम्राट होनोरियसने झुंजी बंद केल्या, असे थिओडोरेट सांगतो. ही घटना परंपरेने इ.स. ४०४ मधील मानली जाते. घटत्या तिजोरीचाही यात वाटा होता. पशूंच्या शिकारी मात्र आणखी शतकभर चालल्या आणि कलोसियममधील शेवटची ज्ञात शिकार इ.स. ५२३ मधील आहे.

रथशर्यती सर्वाधिक टिकल्या. कॉन्स्टँटिनोपलमध्ये निळ्या व हिरव्या संघांचे पाठीराखे एकत्र येऊन इ.स. ५३२ मध्ये जस्टिनियन सम्राटाविरुद्ध उठले आणि सैन्याने शर्यतीच्या मैदानात सुमारे ३०,००० लोकांची कत्तल केली. रोममधील अखेरच्या ज्ञात शर्यती इ.स. ५४९ मध्ये, शहर जिंकलेल्या गॉथ राजा टोटिलाने भरवल्या. त्यानंतर सर्कस मॅक्सिमसचे मैदान गाळाने भरत गेले. त्यातील दोन ओबेलिस्क सोळाव्या शतकात पोप पाचवा सिक्स्टस याच्या आज्ञेवरून उकरून काढण्यात आले. ऑगस्टसने आणलेला ओबेलिस्क आज ‘पियात्सा देल पोपोलो’ या चौकात, तर सम्राट दुसरा कॉन्स्टान्शियस याने इ.स. ३५७ मध्ये उभारलेला लॅटरन चौकात आहे.